बजेट नको पण सरकारही पडू द्यायचं नाही, ही नक्की कसली स्ट्रॅटेजी?

हिमवाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कॅनडात येऊन बरीच वर्षं झाली, सिटिझन झाल्यापासून एकही मतदान चुकवलेलं नाही, राजकारण बऱ्यापैकी कळतं असा समज होता, पण काल रात्री जे बघितलं ते काही केल्या पचेना म्हणून इथे येऊन विचारतोय.

काल म्हणजे १७ नोव्हेंबर २०२५ ला हाऊस ऑफ कॉमन्समध्ये पंतप्रधान मार्क कार्नी यांच्या लिबरल सरकारच्या पहिल्या बजेटवर मतदान झालं. अल्पमतातलं सरकार, त्यामुळे ठराव पडला तर सरकार पडलं आणि आठ महिन्यांत दुसरी निवडणूक. मी लाइव्ह लावून बसलो होतो, हातात कागद पेन, एकेक खासदार उभा राहील तशा पाच-पाचच्या रेघा मारत होतो. (मारून काही उपयोग झाला नाही, कारण बरेच जण ॲपवरून मत देतात आणि ते स्क्रीनवर दिसतच नाहीत, त्यामुळे माझा हिशोब शेवटपर्यंत जुळला नाही. बायको म्हणाली आकडा सांगणारच आहेत ना ते शेवटी, मग तू का मोजतोयस.) आणि शेवटी आकडा आला, बाजूने १७०, विरोधात १६८. दोन मतांनी वाचले.

आता माझं दुखणं सांगतो. एप्रिलच्या निवडणुकीत मी एनडीपीसाठी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, इथला डावा पक्ष) दारोदार फिरलोय. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर दोन तास, पत्रकं वाटत, लोकांचे बंद दरवाजे बघत. पक्षाच्या एकूण सात सीट आल्या, २०२१ ला २५ होत्या. ठीक आहे, हरलो तर हरलो. पण आता या सात जणांनी काय केलं? पाच जणांनी बजेटच्या विरोधात मत दिलं आणि दोघं तटस्थ राहिले. बजेट पक्षाला पसंत नाही, हे सगळे सांगतायत. मग सातही जण विरोधात का नाहीत? आणि सरकार पाडायचं नव्हतं तर सातही जणांनी सरळ बाजूने मत देऊन बदल्यात काहीतरी पदरात का पाडून घेतलं नाही? हे तळ्यात मळ्यात कशाला?

मी लोकांच्या दारात उभं राहून सांगत होतो की आमचा पक्ष तत्त्वाचा आहे. आता त्याच दारात परत जायचं झालं तर काय सांगू, की आमची तत्त्वं सातास पाच आहेत? कोणाला यामागचं लॉजिक माहीत असेल तर प्लीज समजावून सांगा. नुसत्या शिव्या द्यायच्या असतील तर त्या मी स्वतःच देऊन झालोय.

---

आकडेमोड्या

तुझा रेघांचा कागद दे इकडे, मी जुळवून देतो.

एकूण सीट ३४३, बहुमताला १७२. एप्रिलच्या निकालात लिबरल १६९, कन्झर्व्हेटिव्ह १४४, ब्लॉक (क्यूबेकचा पक्ष) २२, एनडीपी ७, ग्रीन १. ४ नोव्हेंबरला बजेट मांडलं आणि त्याच दिवशी नोव्हा स्कोशियाचे एक कन्झर्व्हेटिव्ह खासदार उठून लिबरलमध्ये जाऊन बसले. म्हणजे झाले १७० आणि १४३. स्पीकर लिबरलचेच, पण ते बरोबरी झाली तरच मत देतात, म्हणून सरकारची हातातली मतं १६९. त्यात ग्रीनच्या एलिझाबेथ मे. त्यांनी पॅरिस कराराच्या टार्गेटबद्दल पंतप्रधानांकडून भर सभागृहात शब्द घेतला आणि मग बाजूने मत दिलं. १७०.

आता दुसरी बाजू. कन्झर्व्हेटिव्ह १४३, पण त्यातल्या दोघांनी मतच दिलं नाही, म्हणजे १४१. ब्लॉक २२. एनडीपी ५. बेरीज कर, १६८. जुळलं?

आता खरी गंमत. समज एनडीपीच्या त्या दोघांनी विरोधात मत दिलं असतं, बाकी सगळं होतं तसंच. १७० विरुद्ध १७०. स्पीकरच्या मतावर गेलं असतं, आणि स्पीकर कुठल्या पक्षातून आलेत ते वर सांगितलंच आहे. समज कन्झर्व्हेटिव्हच्या दोघांनी मत दिलं असतं आणि एनडीपीचे दोघं बसूनच राहिले असते. तरी १७० विरुद्ध १७०च. सरकार नक्की पडायला चौघंही विरोधात जायला हवे होते, १७२ विरुद्ध १७०. म्हणजे दोन पक्ष, प्रत्येकाचे दोन दोन लोक बाजूला, आणि कोणाही एकावर 'तुम्ही सरकार वाचवलं' असं बोट ठेवता येणार नाही. कन्झर्व्हेटिव्हपैकी एकाने आपण खासदारकी सोडणार असं आधीच जाहीर केलं होतं, तेव्हा कारणं वेगवेगळी असतीलही, मी सगळंच ठरवून केलं असं म्हणत नाही. पण सरकार पडलंच पाहिजे असं ज्यांना मनापासून वाटतं ते आपला माणूस न् माणूस आणून बसवतात. तू फक्त एनडीपीवर चिडलायस, म्हणजे निम्मा राग अजून तुझ्याकडे शिल्लक आहे.

आणि एक, हे काही शेवटचं मतदान नाही. कालचा ठराव फक्त 'सरकारच्या एकूण अर्थधोरणाला मान्यता' इतकाच. अंमलबजावणीचं बिल वेगळं येतं, खात्यांच्या खर्चाच्या मागण्या वेगळ्या येतात, पैशाचा विषय आला की प्रत्येक वेळी हाच तमाशा.

---

जुनाखोड

हिमवाटसरू, तुझा राग समजतो पण मी १९७९ बघितलंय म्हणून चार शब्द लिहितो.

तेव्हा जो क्लार्क पंतप्रधान होते, कन्झर्व्हेटिव्ह, २८२ च्या सभागृहात १३६ सीट. अल्पमतात होते पण वागायचे असं की जणू बहुमत खिशात आहे. डिसेंबरमध्ये बजेट आणलं, त्यात पेट्रोलवर गॅलनमागे १८ सेंट वाढीव कर. त्यांचा हिशोब साधा होता, ट्रुडो (मोठे ट्रुडो, पिअर) नुकतेच नेतेपद सोडतो म्हणून सांगून बसलेत, लिबरलना नेताच नाही, तर ते आत्ता कशाला निवडणूक ओढवून घेतील. झालं. एनडीपीने ठराव आणला, मांडणारे बॉब रे, तेव्हा अगदी तरुण खासदार. लिबरलनी आपले आजारी खासदारसुद्धा आणून बसवले आणि इकडे क्लार्क यांच्या परराष्ट्रमंत्री युरोपात. मतदान पुढे ढकलता आलं असतं, ढकललं नाही. १३ डिसेंबरला १३९ विरुद्ध १३३, सरकार गेलं. मी तेव्हा नवीनच होतो इथे, आम्ही चौघं एका खोलीत राहायचो, रेडिओवर ऐकलं आणि खरंच वाटेना की पेट्रोलच्या करावरून सरकार पडतं, कारण आपल्याकडे तर त्याच वर्षी चरणसिंगांचं सरकार संसदेला तोंडसुद्धा न दाखवता गेलं होतं.

पुढे काय झालं ते बघ. फेब्रुवारी १९८० ला निवडणूक, ट्रुडो परत आले, १४७ सीट, पूर्ण बहुमत. ठराव आणणाऱ्या एनडीपीच्या सीट २६ वरून ३२ झाल्या, कार्यकर्ते खूश, पण समोर बहुमताचं सरकार असताना त्या ३२ ला विचारतो कोण? २६ होत्या तेव्हा सरकार पाडता येत होतं, ३२ झाल्या आणि काही म्हणजे काही हातात उरलं नाही. सीट वाढल्या आणि भाव पडला.

छोट्या पक्षाची ताकद त्याच्या सीटमध्ये नसते रे, समोरच्याला किती कमी पडतायत त्यात असते. आज लिबरलना दोन-तीन कमी पडतायत म्हणून तुझ्या सात जणांना कोणीतरी फोन करतं. उद्या निवडणूक होऊन त्यांना १८० आल्या तर तुझे सातचे पंधरा झाले तरी फोन यायचा नाही.

---

हिमवाटसरू

आकडेमोड्या, +१. हे १७०-१७० चं गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि कालपासून वाचलेल्या कुठल्याच बातमीत इतकं सरळ मांडलेलं दिसलं नाही.

काका, तुमचं पटतंय पण पूर्ण नाही. १९७९ ला एक छोटा पक्ष तटस्थ पण राहिला होता ना? सोशल क्रेडिट? त्यांचं काय झालं हो पुढे?

---

जुनाखोड

पकडलंस. पाच खासदार होते, पाचही बसून राहिले. १९८० च्या निवडणुकीत एकही निवडून आला नाही, पुढे कधी संसदेत दिसलेच नाहीत.

---

सुमेधा_क

हेच मी लिहायला आले होते, काकांनी स्वतःच कबूल केलं ते बरं झालं.

मला हे 'तटस्थ' प्रकरण मुळातच आवडत नाही. लोकांनी तुम्हाला हो किंवा नाही म्हणायला पाठवलंय. आणि इथे मला भारत आणि कॅनडातला एक फरक फार ठळक दिसतो, कारण मी दोन्हीकडचं फॉलो करते. भारतात पक्षांतरबंदी कायदा आहे, १९८५ पासून, दहावं परिशिष्ट. पक्षाने व्हिप (पक्षादेश) काढला की त्याच्या विरोधात मत देणं तर सोडाच, नुसतं गैरहजर राहिलं तरी सदस्यत्व जाऊ शकतं, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर गोष्ट वेगळी. त्यामुळे भारतात बजेटचं मतदान हे अर्थमंत्र्यांपेक्षा व्हिपचं हत्यार जास्त असतं.

फेब्रुवारी २०२४ चं हिमाचल आठवा. ६८ ची विधानसभा, काँग्रेसचे ४० आमदार, म्हणजे कागदावर सरकार भक्कम. २७ तारखेला राज्यसभेची एक सीट होती, त्यात काँग्रेसच्या सहा जणांनी क्रॉसव्होटिंग केलं, ३४-३४ झाले आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून भाजपचा उमेदवार निवडून आला. आता राज्यसभेच्या मतदानाला पक्षांतरबंदीचा कायदा लागतच नाही, त्या मतासाठी त्या सहा जणांचं काहीच वाकडं करता येत नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी बजेट होतं. व्हिप निघाला की हजर राहा आणि बाजूने मत द्या. सहा जण आलेच नाहीत. अध्यक्षांनी आधी भाजपच्या पंधरा आमदारांना निलंबित केलं, बजेट पास करून घेतलं आणि २९ तारखेला त्या सहा जणांना अपात्र ठरवलं. कारण काय दिलं, तर बजेटच्या वेळचा व्हिप मोडला. केलं एकीकडे आणि सापडले दुसरीकडे! ४० चे ३४ झाले पण सभागृहही ६८ वरून ६२ वर आलं, त्यामुळे सरकार तरलं. पुढे त्याच सहा सीटवर पोटनिवडणूक झाली, त्यात काँग्रेसने चार परत मिळवल्या.

हे चांगलं झालं की वाईट यावर इथे भांडणं नकोत, त्यासाठी दुसरा धागा काढा. माझा मुद्दा इतकाच की तिथे गैरहजर राहायला हिंमत लागते, आमदारकीची किंमत मोजावी लागते. कॅनडात नोव्हा स्कोशियाचा माणूस बजेटच्या दिवशी पक्ष बदलतो आणि दुसऱ्या दिवशी खासदार म्हणूनच चहा पितो. आणि एनडीपीचे दोघं तटस्थ राहतात ते पक्षाला न विचारता राहिले असतील असं वाटतं का कोणाला? पक्षाला सरकार वाचवायचं होतं आणि वाचवलं म्हणून नावही नको होतं. दोघांना बसवलं, पाच जणांना भाषणाला मोकळं ठेवलं. हिमवाटसरू, तुम्ही त्या दारांवर परत गेलात तर खरं तेच सांगा, निवडणूक परवडत नव्हती म्हणून.

---

चावडीवरचा

सगळे पक्ष एकाच माळेचे मणी. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

तिसरा_बाक

सुमेधाताई, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे पण त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. निवडणूक परवडत नसेल तर नाही परवडत! पैशाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून बोलतो.

कॅनडात पूर्वी पक्षांना मिळालेल्या मतांमागे सरकारी पैसे मिळायचे, मताला दोन डॉलरच्या आसपास. २००८ मध्ये कन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने ते बंद करायचं काढलं तर तिन्ही विरोधी पक्ष एकत्र येऊन सरकार पाडायला निघाले होते, शेवटी गव्हर्नर जनरलकडून संसदच स्थगित करून घेऊन हार्पर वाचले. पुढे बहुमत आल्यावर त्यांनी ते पैसे टप्प्याटप्प्याने बंद केलेच. आता उरलं काय, तर देणग्या आणि खर्चाची परतफेड, आणि उमेदवाराला परतफेड हवी तर १० टक्के मतं पडायला लागतात. एप्रिलमध्ये एनडीपीला देशभरात साधारण ६ टक्के मतं होती, म्हणजे किती उमेदवारांच्या हातून ती परतफेड गेली असेल अंदाज करा. वर संसदेत अधिकृत पक्ष म्हणून मान्यता नाही, त्याला १२ सीट लागतात, त्यामुळे समित्यांमध्ये जागा नाही, संशोधनाचा स्टाफ नाही. नेता स्वतः हरला, सध्या हंगामी नेत्यावर चाललंय, नवा मार्चमध्ये निवडायचाय. अशा पक्षाने नोव्हेंबरमध्ये निवडणूक ओढवून घ्यायची? नवरदेवाचाच पत्ता नाही आणि वरात काढा म्हणता!

आणि सरकार पाडल्यावर लोक पाठ थोपटतात हा पण भ्रमच आहे. पोर्तुगालमध्ये २०२१ ला कोस्टा यांचं अल्पमतातलं समाजवादी सरकार होतं, बाहेरून पाठिंबा देणारे दोन डावे पक्ष, त्यांना बजेट पुरेसं डावं वाटलं नाही म्हणून ऑक्टोबरमध्ये उजव्यांबरोबर विरोधात मत दिलं, बजेट पडलं. तत्त्व म्हणून शंभर टक्के शुद्ध. जानेवारीत निवडणूक झाली, कोस्टांना पूर्ण बहुमत, आणि या दोघांपैकी एकाचे १९ चे ५ झाले, दुसऱ्याचे १२ चे ६. भारतात डाव्यांनी २००८ ला अणुकरारावरून यूपीएचा पाठिंबा काढला, सरकार तर पडलंच नाही, २७५-२५६ ने वाचलं, आणि पुढच्या वर्षी डाव्यांचे ५९ खासदार होते त्याचे २४ राहिले. त्याला बाकीही कारणं होती, बंगालची वगैरे, मान्य. पण पाडून फायदा झाला असं तरी कोणी म्हणू नये.

---

सुमेधा_क

तिसरा_बाक, मग साथ देऊन तरी फायदा होतो का? एनडीपीनेच मार्च २०२२ ला लिबरलबरोबर लेखी करार केला, बजेटला पाठिंबा देतो, बदल्यात डेंटल केअर आणि फार्माकेअर (सरकारी खर्चाने औषधं). दातांची योजना आली की नाही? आली. लाखो लोक वापरतायत. श्रेय कोणाला गेलं? लिबरलना. सप्टेंबर २०२४ ला करार मोडला, जवळपास आठ महिन्यांत निवडणूक आणि २५ चे ७. म्हणजे पाडलं तरी मार, साथ दिली तरी मार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

---

तिसरा_बाक

म्हणून तर दोघांना बसवलं ना ताई! मी वर तेच म्हणतोय.

---

उत्तरेचा_वारा

मी स्वीडनमध्ये असतो. तुमचा सगळा वाद वाचताना हसू येत होतं, राग नसावा, कारण ज्या गोष्टीवर हिमवाटसरू चिडलाय ती इथे रोजची रीत आहे आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

इथला नियम वेगळा. पंतप्रधानाला बहुमताने निवडावं लागत नाही, फक्त बहुमत विरोधात नसलं की झालं. सभागृह ३४९ चं, विरोधात १७५ मतं पडली तर उमेदवार गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मॅग्डालेना अँडरसन यांच्या बाजूने ११७ मतं होती, विरोधात १७४, आणि ५७ तटस्थ. ११७ हो, १७४ नाही, आणि बाई पंतप्रधान! एका मताने. इथे तटस्थ राहण्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो, 'तुम्ही आमचे नाही, पण तुम्हाला अडवतही नाही'. कोणी त्याला तळ्यात मळ्यात म्हणत नाही.

पण त्याच दिवशीची पुढची गोष्ट ऐका. बजेटचं मतदान होतं, आणि बजेटच्या बाबतीत इथे विरोधकही स्वतःचं पूर्ण बजेट मांडतात, ज्याला जास्त मतं ते पास. सरकारचं पडलं, विरोधकांचं पास झालं. आघाडीतल्या ग्रीन पक्षाने सांगितलं की त्या बजेटवर आम्ही राज्य करणार नाही आणि सरकारमधून बाहेर पडले. आघाडी मोडली म्हणून अँडरसनबाईंनी राजीनामा दिला. निवडून आल्यापासून साधारण सात तासांत. पाच दिवसांनी त्याच परत निवडून आल्या, आता एकट्या पक्षाचं सरकार, आणि विरोधकांनी पास केलेल्या बजेटवर कारभार केला.

निवडणूक नाही, गोंधळ नाही. सरकार एकाचं, बजेट दुसऱ्याचं. मला विचाराल तर कॅनडाची अडचण एनडीपीचे सात खासदार नाहीतच. 'बजेट पडलं म्हणजे सरकार पडलं' ही एकच गाठ आहे सगळ्याच्या मुळाशी. त्या गाठीमुळे बजेटवर खरं मत कोणी देतच नाही, सगळे निवडणुकीवर मत देतात. तुमच्या त्या १६८ पैकी कितीजणांना बजेट नको होतं आणि कितीजणांना फक्त विरोधात दिसायचं होतं, सांगता येईल का?

---

आकडेमोड्या

उत्तरेचा_वारा, ११७-१७४ वाला आकडा मी दोनदा वाचला. भारी.

पण कॅनडात ती गाठ सोडवली तर सरकार दर वर्षी विरोधकांच्या बजेटवर चालेल, आणि मग पुढच्या निवडणुकीत लोकांनी कोणाला जाब विचारायचा? तुमच्याकडे विरोधी पक्षांना एकत्र बसून अख्खं बजेट बनवायची सवय आहे. इथे कन्झर्व्हेटिव्ह आणि ब्लॉक आणि एनडीपी मिळून एक बजेट बनवतायत हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा जरा. बघितलं? हां.

बाय द वे, बरोबरीचं मत म्हणजे काय असतं ते बघायचं असेल तर मे २००५ चं फुटेज शोधा. पॉल मार्टिन यांचं अल्पमतातलं सरकार, दोन दिवस आधी कन्झर्व्हेटिव्हच्या एक खासदारबाई लिबरलमध्ये आलेल्या, तरी पुरत नव्हतं. सगळं अडलं होतं चक कॅडमन नावाच्या एका अपक्षावर. कॅन्सर झालेला, किमो चालू, ब्रिटिश कोलंबियाहून एवढा प्रवास करून ओटावाला आले, शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही काय करणार. आपल्या मतदारसंघातल्या लोकांना विचारलं, त्यांना निवडणूक नको होती, म्हणून उठून सरकारच्या बाजूने मत दिलं. १५२-१५२. मग स्पीकरने आपलं मत टाकलं, १५३. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत कॅडमन गेले. त्यांना पण सरकार आवडत नव्हतंच, मूळचे ते दुसऱ्या बाजूचे. पण त्यांनी काय केलं आणि का केलं हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या मतदारसंघातलं पोरगंही सांगू शकत होतं.

---

हिमवाटसरू

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आज लंचमध्ये मोबाइलवर वाचत बसलो, जेवण तसंच राहिलं.

माझा राग उतरला का? अर्धा. आकडेमोड्यांनी निम्मा दुसरीकडे वळवला तो वेगळाच. निवडणूक परवडत नव्हती हे कळलं, काकांचं 'सीट वाढल्या आणि भाव पडला' हे तर कागदावर लिहून ठेवलंय, त्या रेघांच्या खालीच. दोघं बसले याचा आता तितका राग नाही. त्यातल्या एक खासदार उत्तरेकडच्या नुनावुतच्या आहेत, बजेटमध्ये तिकडच्या कामांना पैसे आहेत, त्यांनी विरोधात मत दिलं असतं तर त्यांच्याच लोकांनी विचारलं असतं. ते पटतं.

राग याचा आहे की कॅडमनसारखं कोणी उघडपणे आधी बोललंच नाही. मेबाईंनी बघा, एकटी सीट, एक मत, आणि त्यांनी भर सभागृहात पंतप्रधानांकडून शब्द वदवून घेतला. तो पाळला जाईल की नाही देव जाणे, पण काय मागितलं आणि कशावर मत दिलं ते सगळ्या देशाला दिसलं. आमच्या सात जणांनी काय मागितलं होतं? मी पक्षाचं काम केलेला माणूस, मला सांगता येत नाही. लिहून द्यायला हवं होतं, या या तीन गोष्टी द्या, दिल्या तर बसतो, नाही दिल्या तर पाडतो, मग होऊ दे काय व्हायचं ते. ते न करता नुसतं बसून राहिलो, आणि तेही फुकटात.

मार्चमध्ये नवा नेता निवडायचाय. मेंबर आहे, मत आहे. सगळे उमेदवार ऑनलाइन सभा घेतायत, येत्या गुरुवारी एकाची आहे, प्रश्न आधी लिहून पाठवायचा असतो. मी लिहिलाय: पुढच्या बजेटच्या आधी तुम्ही काय मागणार, आणि नाही मिळालं तर कितीजण बसणार?

---

जुनाखोड

'कितीजण बसणार' काढून टाक, प्रश्न घेणार नाहीत. पहिला अर्धाच पाठव आणि दुसरा लाइव्ह असताना चॅटमध्ये टाक. आणि काय उत्तर मिळतं ते इथे येऊन लिही.

---

चावडीवरचा

पॉपकॉर्न संपले. गुरुवारी परत आणतो.